खांद्यावरचा हात

सांगलीतल्या आमच्या स्टुडिओत जुन्या फोटोंची दुरुस्ती माझ्याकडे असते. एक गृहस्थ आई-वडिलांच्या लग्नाचा, 1974 चा ग्रुप फोटो घेऊन आले. डाग काढायचे, मोठा करायचा आणि वडिलांच्या मागे उभे असलेले चुलते उडवायचे. विहिरीच्या वाटणीवरून कोर्टात केस चालू आहे, हे न विचारताच सांगितलं. "एका क्लिकचं काम ना?" सगळ्यांना असंच वाटतं.

कॉम्प्युटरवर फोटोचा स्कॅन तळाला लॉक केला. वर एक रिकामा लेअर, म्हणजे पारदर्शक कागदासारखा थर, त्यात फक्त भेगा आणि बुरशीचे डाग भरायचे. सगळ्यात वर कर्व्हज्, म्हणजे उजेड-अंधार बदलणारा थर. हाताखालच्या पोराला कितीदा सांगितलं, की कर्व्हज् चालू ठेवून डाग भरायचा हीलिंग ब्रश 'ऑल लेअर्स'वर, म्हणजे सगळ्या थरांतून नमुना उचलायला ठेवला तर वरचा कर्व्ह ठिगळात मुरतो, मग त्या जागी तो दोनदा लागतो आणि ठिगळ उठून दिसतं. 'करंट अँड बिलो', म्हणजे चालू थर आणि त्याखालचे, एवढंच ठेव. ऐकत नाही. वर फाइल जड झाली की फ्लॅटन, म्हणजे सगळे थर कायमचे एक करून मोकळा!

चुलत्यांना मी पुसलं नाही, मास्कनं झाकलं, म्हणजे हवा तेव्हा काढता येईल असा पडदा टाकला. त्यांच्या जागी मांडवाचा खांब उभा केला, तर तो फारच गुळगुळीत दिसायला लागला. मग 50 टक्के करड्या लेअरवर नॉईज, म्हणजे बारीक ठिपके टाकून तो ओव्हरलेवर, म्हणजे खालच्या चित्रात मिसळेल असा ठेवला, तेव्हा कुठे जुन्या फोटोचा दाणा जुळला. तरी नवरदेवाच्या खांद्यावर चार बोटं उरलीच. दुसऱ्या खांद्याचं कोटाचं कापड उलटवून आणलं आणि वेगळ्या लेअरवर तीही झाकली.

प्रूफ बघायला ते आईला घेऊन आले. फोटोतली नवरी त्याच.

"भाऊजींचा हात कुठं गेला?"

मी त्या कापडाच्या लेअरचा डोळा, म्हणजे तो दाखवायचं बटण, बंद केला. बोटं दिसली.

"तेवढा राहू दे."

"आजी, नुसता हात कसा ठेवणार?"

"मग माणूस दाखव."

शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं, मास्क बंद झाला. चुलते उभे. मुलगा फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

शेवटी 16 बाय 20 चा फोटो चुलत्यांशिवाय गेला. आजींनी एक पोस्टकार्ड साइज चुलत्यांसकट काढून घेतला, स्वतःच्या पैशांनी.

काल मुलाचा फोन आला. "फाइलमधूनही त्यांना काढून टाका, आई परत मागेल." बिल त्यांच्या नावावर आहे. मी "बघतो" म्हटलंय. फ्लॅटन करायला आमचा पोरगा तयारच बसलाय.