निळ्या डोंगलचा पीपीएम अखेर दोन्हीकडून जुळला

मंडळी, जुळला एकदाचा! निळ्या डोंगलचा, म्हणजे यूएसबीत लावायच्या आरटीएल-एसडीआर रेडिओ रिसीव्हरचा, पीपीएम (आतल्या ठोका देणाऱ्या क्रिस्टलची चूक, दहा लाखात किती भाग) आज जीएसएमवरून (२जी टॉवरवरून) ५४ आला आणि एलटीईवरून (४जी) ५४.३, एकाच बैठकीत, एकाच टेंपरेचरला. लई दिवसांनी असं समाधान मिळालंय, म्हणून लगेच लिहायला बसलो.

मागचं अपडेट वाचलेल्यांना आठवत असेल, घोडं कुठं अडलं होतं. कॅल, म्हणजे जीएसएम टॉवरवरून डोंगलची चूक मोजणारा प्रोग्राम, त्याला जीएसएम ९०० चा स्कॅन लावला की चॅनेल भरपूर दाखवायचा, पण एकेक चॅनेल धरून मोजायला गेलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा. एक म्हणतोय ५३, दुसरा उणे १९, तिसरा ८०. क्रिस्टल तर एकच आहे ना! आणि मोठ्या टॉवरची फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या आत असावी असा स्टँडर्डच आहे, म्हणजे टॉवरवर संशय घ्यायचं कारण नाही.

उत्तर वॉटरफॉलमध्येच (स्क्रीनवर सरकणाऱ्या स्पेक्ट्रमच्या चित्रात) होतं. ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये आता निव्वळ २जी राहिलेलं नाही, मधे मधे एलटीई बसवलंय. जीएसएमचा कॅरियर २०० किलोहर्ट्झचा अरुंद उंचवटा दिसतो, एलटीई म्हणजे कडा तासलेलं रुंद सपाट पठार. कॅल शोधतो एफसीसीएच, म्हणजे १४२ शून्यं सलग पाठवल्यामुळे कॅरियरच्या ६७.७ किलोहर्ट्झ वर उमटणारा शुद्ध टोन. पठारावरच्या गोंगाटात त्याला अधूनमधून टोनसारखं काहीतरी सापडतं आणि तो बिनधास्त चॅनेल म्हणून छापतो. माझे उणे १९ आणि ८० वाले दोन्ही चॅनेल बरोबर पठारावर पडत होते. तेव्हा नुसती सरासरी बघून आकडा उचलू नका, शेवटच्या ओळींतलं स्टँडर्ड डेव्हिएशन आणि नॉट फाउंडचा आकडा बघा. माझ्याकडे खऱ्या चॅनेलवर पसारा काही दहा हर्ट्झचा येतोय, खोट्यावर हजारांत जातोय. शिवाय विजापूर रोडला आमच्या गच्चीसमोरच टॉवर, गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) ४० ठेवला की ट्यूनर ओव्हरलोड होऊन भुतं (खोटे सिग्नल) उभी राहतात, ३० च्या खाली आणला तेव्हा यादी निम्मी झाली आणि उरले ते सगळे खरे. अँटेना म्हणाल तर ८ सेंटीमीटरची तार, ९४० ला क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबी) तेवढीच होते, विकत काही घ्यायची गरज नाही.

खोटे चॅनेल गेले तरी आकडा जागेवर राहीना, सकाळी ४९ तर दुपारी ५७. सोलापूरचा एप्रिल, वरच्या मजल्यावरची खोली, प्लॅस्टिकच्या डबीत कोंडलेला डोंगल. डबी उघडून क्रिस्टलच्या कॅनला कॅप्टॉन टेपनं डीएस१८बी२० हा टेंपरेचर सेन्सर चिकटवला आणि दिवसभर लॉग घेतला, तर ४५ डिग्रीला ४९, ५५ ला ५४, ६३ ला ५७ पार. म्हणजे "माझ्या डोंगलचा पीपीएम अमुक" हे वाक्यच अर्धवट आहे, सोबत टेंपरेचर सांगितलं पाहिजे. नवी पेठेत मोबाईल रिपेअरवाल्याकडून थर्मल पॅड आणला, ॲल्युमिनियमच्या डबीला टेकवला, आता वीसेक मिनिटं गरम होऊ दिला की ५५ च्या आसपास स्थिर राहतोय.

तरी ५४ खरा कशावरून? म्हणून एलटीई. ९०० वरचं २जी कमी होत जाणार हे दिसतंयच, जिओकडे तर २जी मुळातच नाही, आणि १८०० चा बँड आपल्या डोंगलमधल्या आर८२०टी२ ट्यूनरच्या आवाक्याबाहेर, तो १७५० च्या पुढं मान टाकतो. मग ८५० चा बँड ५ पकडला, ८६९ ते ८९४, आणि सेलसर्च हा एलटीई टॉवर शोधणारा प्रोग्राम चालवला. हा पीएसएस (एलटीई टॉवरचा सिंक सिग्नल) शोधतो, तो दर ५ मिलिसेकंदाला येतो, मधल्या १.०८ मेगाहर्ट्झमध्येच असतो, त्यामुळे १.९२ च्या सँपल रेटवर आरामात बसतो. कोड जुना आहे, आयटी++ लायब्ररीसकट कंपाइल करताना दम लागतो, पण एकदा चालला की कॅलपेक्षा माझा विश्वास ह्याच्यावर जास्त. क्रिस्टल करेक्शन फॅक्टर १ पासून किती लांब आहे त्यावरून पीपीएम काढला, ५४.३!

जीएसएमच्या दोन खऱ्या चॅनेलमध्ये मात्र अजून ०.४ चा फरक येतोय, एक ५४.० तर दुसरा ५३.६. त्याचा हिशोब असा की ट्यूनरच्या पीएलएलची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या सर्किटची) पायरी ९४० च्या आसपास साधारण ४४० हर्ट्झची पडते, म्हणजे जवळपास अर्धा पीपीएम, त्यामुळे एवढा फरक हा क्रिस्टलचा नाहीच. त्यात डोंगलची लायब्ररी पीपीएम पूर्णांकातच घेते, दशांशामागं धावून हाती काही लागत नाही.

टीसीएक्सओ (टेंपरेचरची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) म्हणून ऑनलाइन घेतलेला तिसरा डोंगल गरम झाल्यावर ४१ दाखवतोय, उघडून पाहिला तर आत साधा क्रिस्टल. अशा वेळी कॅलचा एक रन सगळं सांगून जातो, माल हातात आल्या आल्या लावा. माझा दुसरा डोंगल, आरटीएल-एसडीआर व्ही३, मात्र सकाळ-दुपार १ पीपीएमच्या आतच राहतो, त्याला दाद द्यायला पाहिजे.

हे सगळं मुळात क्यूओ-१०० ह्या हॅम रेडिओच्या सॅटेलाइटसाठी चाललंय. सॅटेलाइट २५.९ डिग्री पूर्वेला, इथून पश्चिमेला साधारण ३० डिग्री वर, गच्चीवरून मोकळा दिसतो. मधला बीकन (सतत चालणारा खुणेचा सिग्नल) १०४८९.७५०, एलएनबीचा (डिशवरच्या कन्व्हर्टरचा) ९७५० वजा केला की ७३९.७५ मेगाहर्ट्झ. तिथं १ पीपीएम म्हणजे ७४० हर्ट्झ, डोंगल नक्की माहीत असेल तर उरलेली सगळी चूक एलएनबीच्या २५ मेगाहर्ट्झ क्रिस्टलची असं छातीठोक सांगता येतं. मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमची करकर १३७ मेगाहर्ट्झवर फार त्रास देते, इतक्या वर ती पोचत नाही हा अजून एक फायदा.

पुढचा बेत निळ्यात २८.८ चा टीसीएक्सओ सोल्डर करायचा होता. पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, व्ही३ वर क्लॉकचे पिन दिलेलेच आहेत की! निळ्याचा क्रिस्टल काढून व्ही३ चाच क्लॉक त्याला दिला तर दोन्ही एकाच घड्याळावर चालतील, एक सतत सेलसर्चवर आणि दुसरा बीकनवर, मग टेंपरेचरचा तक्ताच लागणार नाही. टीसीएक्सओची ऑर्डर थांबवतोय, आधी हे करून बघतो. कोणी असा क्लॉक ओढला असेल तर कोॲक्स किती लांब ठेवली आणि मधे कपॅसिटर कितीचा लावला तेवढं सांगा.