मनोरंजन कक्षाची नोंद: तीन महिन्यांत काय ठरले आणि काय फसले

घरातील एका मोकळ्या खोलीत चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांसाठी स्वतंत्र व्यवस्था करण्याचे काम तीन महिन्यांपूर्वी हाती घेतले. टीव्ही भिंतीसमोर उभा राहिला आहे, आवाज मात्र अजून पूर्ण जमलेला नाही. आतापर्यंतचे निर्णय आणि त्यांमागची कारणे विस्मरणात जाण्यापूर्वी येथे लिहून ठेवतो.

खोली ४.३ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच आहे. डाव्या लांब भिंतीत मोठी खिडकी आहे. उजव्या भिंतीत पुढच्या बाजूला एक कोनाडा आणि मागच्या बाजूला दार आहे. हे आकडे आरंभीच देण्याचे कारण असे की, पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबला. मी मात्र खरेदीची यादी करताना टीव्हीपासून सुरुवात केली होती आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी ठेवला होता. ती यादी दोन आठवड्यांत फाडून टाकावी लागली.

पहिले दोन आठवडे: बैठक

सोफा मागच्या भिंतीला टेकवावा असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटते, कारण त्यामुळे खोली मोकळी दिसते. जुने दोन स्पीकर आणि सबवूफर (केवळ खर्जाचा स्पीकर) तात्पुरते जोडून तसे करून पाहिले, तेव्हा प्रत्येक संवादाखाली एक घुमारा ऐकू येऊ लागला. याचा हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४.३ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद, म्हणजे दोन भिंतींमध्ये आपोआप घुमणारा सूर, ४० हर्ट्झच्या आसपास येतो. त्या कंप्रतेचा दाब पुढच्या व मागच्या भिंतीशी सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. त्यामुळे भिंतीला डोके टेकवून बसणाऱ्याला तो सूर अवास्तव मोठा ऐकू येतो, तर खोलीच्या मध्यावर बसणाऱ्याला तो जवळपास ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर डोके यावे, असा हौशी मंडळींत प्रचलित असलेला ठोकताळा मी पाळला. तो काही वेदवाक्य नव्हे. पण माझ्या खोलीत १.६ मीटरवर सोफा आणताच घुमारा कानाला जाणवण्याइतका उतरला. पुढच्या भिंतीपासून डोके २.७ मीटरवर आले आणि टीव्हीचा पडदा भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे धरून पाहण्याचे अंतर २.६ मीटर ठरले. सोफ्यामागे उरलेली जागा वाया गेली, असे घरच्यांचे मत अजूनही कायम आहे.

पडद्याचा आकार

आमच्या बैठकीच्या खोलीत ५५ इंची टीव्ही आहे, त्यामुळे येथेही तेवढाच पुरेल असे मी गृहीत धरले होते. पाहण्याचे अंतर निश्चित झाल्यावर मात्र हे गृहीतक टिकले नाही. पडद्याने दृष्टिक्षेत्राचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, हा जुना आणि सावध निकष आहे. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असल्यास ४० अंशांपर्यंत जावे असे सांगतात. १६:९ प्रमाणाच्या पडद्यासाठी ३० अंशांचे अंतर कर्णाच्या सुमारे १.६ पट आणि ४० अंशांचे सुमारे १.२ पट येते. २.६ मीटर म्हणजे साधारण १०२ इंच. म्हणजेच माझ्यासाठी योग्य कर्ण ६३ ते ८५ इंचांच्या दरम्यान होता. ५५ इंची पडदा या पट्ट्यात बसतच नव्हता.

मग जुनी वर्तमानपत्रे चिकटवून ६५ आणि ७७ इंची पडद्यांचे कागदी नमुने कापले. पहिला १४४ बाय ८१ सेंटिमीटर आणि दुसरा सुमारे १७० बाय ९६ सेंटिमीटर होता. दोन्ही आळीपाळीने आठवडाभर भिंतीवर लावून ठेवले. हा उपाय मी प्रत्येकाला आग्रहाने सुचवेन, कारण दुकानातील अवाढव्य दालनात सारेच टीव्ही लहान दिसतात. आठवड्याअखेरीस मन ७७ वर बसले होते, परंतु निर्णय सेंटर स्पीकरने, म्हणजे पडद्याखाली मध्यभागी ठेवायच्या संवादांच्या स्पीकरने केला. बसलेल्या माणसाचे डोळे आमच्या सोफ्यावर सुमारे १०५ सेंटिमीटर उंचीवर येतात आणि पडद्याचा मध्य त्याच पातळीत असावा, अशी माझी इच्छा होती. तसे केल्यास ७७ इंची पडद्याची खालची कड ५७ सेंटिमीटरवर येते. खालचे कपाट ४५ सेंटिमीटर उंच आणि त्यावरचा स्पीकर १७ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ६२. स्पीकर पाच सेंटिमीटर पडद्यावर चढणार होता. ६५ इंची पडद्याची कड ६४ सेंटिमीटरच्या किंचित वर येते आणि स्पीकर त्याखाली जेमतेम सरकतो. पडदा वर नेला असता तर मान वर करून पाहावे लागले असते, आणि दोन तासांच्या चित्रपटात मानेला ते परवडत नाही. शेवटी ६५ इंच घेतला. त्याचा कोन ३१ अंशांच्या जवळपास येतो. ७७ इंची नमुना अजून गुंडाळून ठेवला आहे, यावरून काय ते समजून घ्यावे.

८के, म्हणजे ४केच्या चौपट पिक्सेल असलेल्या पडद्याचा विचार मात्र पाच मिनिटांत बाद झाला. ६५ इंची ४के पडद्यावरील एका पिक्सेलची (चित्राच्या ठिपक्याची) रुंदी ०.३७ मिलिमीटर असते आणि सामान्य दृष्टीला तो सुमारे १.३ मीटरच्या पलीकडून वेगळा ओळखता येत नाही. मी त्याच्या दुप्पट अंतरावर बसतो.

ओएलईडी की मिनी-एलईडी

सर्वाधिक वेळ पडद्याच्या या दोन प्रकारांतून निवड करण्यात गेला. मिनी-एलईडी पडद्याच्या मागील प्रकाश शेकडो किंवा हजारो विभागांत मंद-तेज होतो, तरीही एका विभागात असंख्य पिक्सेल असतात. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या वस्तूभोवती धूसर वलय उमटू शकते. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि पूर्णपणे विझतो. तुलनेसाठी मी सोबत नेलेले दृश्य अगदी साधे होते: अंधारे आकाश, विरळ तारे आणि खाली पांढऱ्या अक्षरांतील देवनागरी उपशीर्षके. एका मिनी-एलईडी पडद्यावर प्रत्येक ओळीबरोबर खालची काळी पट्टी उजळत आणि पुन्हा विझत होती. एकदा ते ध्यानात आल्यावर दुसरे काहीच दिसेना.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भर उजेडातल्या खोलीत आणि मोठ्या पांढऱ्या दृश्यांत मिनी-एलईडीची प्रखरता वरचढ ठरते, कारण पूर्ण पडदा उजळताच ओएलईडी स्वतःची प्रखरता कमी करतो. एकाच वाहिनीचे बोधचिन्ह किंवा बातम्यांची सरकपट्टी रोज तासन्‌तास चालू राहणार असेल, तर ओएलईडीवर कायमचा ठसा उमटण्याचा धोकाही विचारात घ्यायला हवा. आमच्याकडे बातम्या बाहेरच्या खोलीत लागतात आणि ही खोली बहुतेक रात्रीच वापरली जाते. खिडकीला दुहेरी, उजेड न झिरपणारे पडदे लावले आणि समोरच्या भिंतीला बिनचमकीचा गडद राखाडी रंग दिला, तेव्हा ओएलईडीविरुद्धचा मुख्य आक्षेप उरला नाही. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यालाही रंग फिके दिसत नाहीत, हा आणखी एक लाभ झाला. एलसीडी पडद्यांतील व्हीए प्रकारात कॉन्ट्रास्ट उत्तम असला तरी बाजूने पाहताना तो ढासळतो.

टीव्ही खोक्यातून निघाला तेव्हा सर्वांत भडक आणि निळसर चित्रपद्धतीवर होता. फिल्ममेकर मोड (चित्रपट मुळात जसा बनवला तसा दाखवणारी चित्रपद्धत) निवडताच चित्र पहिल्या दिवशी पिवळट वाटले, तिसऱ्या दिवशी नेहमीचे वाटू लागले आणि आता जुनी पद्धत डोळ्यांत खुपते; कारण या पद्धतीत पांढरा रंग ६५०० केल्व्हिनच्या मान्य संदर्भाजवळ राहतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय मी तत्त्व म्हणून बंद ठेवणार होतो. परंतु ओएलईडीचे पिक्सेल इतक्या झटकन बदलतात की, सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात कॅमेरा संथपणे आडवा फिरला की दृश्य अडखळत पुढे जाते. पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा असल्याने प्रत्येक चौकट समान पाच वेळा दाखवली जाते आणि ६० हर्ट्झवर चौकटी आलटून-पालटून तीनदा आणि दोनदा दाखवण्याच्या विषम वाटणीचा दोष येथे नाही. तरीही हे अडखळणे उरतेच. शेवटी ती सोय सर्वांत खालच्या पायरीवर चालू ठेवली. तत्त्वनिष्ठ मंडळींनी क्षमा करावी.

जोडण्या

येथे माझ्या दोन संध्याकाळी आणि थोडी प्रतिष्ठा खर्ची पडली. रिसिव्हर, म्हणजे उपकरणांचे चित्र-आवाज घेऊन स्पीकरना शक्ती पुरवणारे यंत्र, उजव्या कोनाड्यात असल्याने छताकडून वळसा घेऊन टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणारी आठ मीटरची एचडीएमआय केबल लागणार होती. एवढ्या लांबीवर साधी तांब्याची केबल बेभरवशाची ठरू शकते, म्हणून ऑप्टिकल फायबरची केबल घेतली. अशा केबलला दिशा असते. एक टोक उपकरणाचे आणि दुसरे पडद्याचे. ती टोकांवर स्पष्ट छापलेली होती. मी ती पाइपातून उलटी ओढली, वरचे झाकण बसवले, रंगही लावला आणि मग काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. पाइप रुंद ठेवला होता म्हणून भिंत फोडावी लागली नाही, एवढेच समाधान.

दुसरी संध्याकाळ एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणारे) चित्र का येत नाही, हे शोधण्यात गेली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता स्वतंत्रपणे चालू करावी लागते आणि ती मुळात बंद होती.

रिसिव्हर जुना आहे. तो ४के आणि एचडीआर पुढे पाठवतो, पण टीव्हीकडून आवाज रिसिव्हरकडे परत आणण्यासाठी त्यात नवी, अधिक क्षमतेची ईएआरसी सोय नाही, केवळ जुनी एआरसी आहे. नवा घ्यावा की काय, या विचारात असताना कागदावर मांडणी केली, तेव्हा गरजच उरली नाही. डिस्क प्लेअर थेट रिसिव्हरला जोडला, त्यामुळे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी हा एआरसीला न पेलणारा आवाज टीव्हीच्या वाटेने जातच नाही. गेम कन्सोल थेट टीव्हीला जोडला, कारण ४के १२० हर्ट्झ जुन्या रिसिव्हरमधून जाऊ शकत नाही. स्ट्रीमिंगवरील आवाज डॉल्बी डिजिटल प्लस स्वरूपात येतो आणि तो आमच्या टीव्ही-रिसिव्हर जोडीत एआरसीवरूनही व्यवस्थित पोहोचतो. शक्तीचे गणितही रिसिव्हरच्या बाजूने लागले. माझे स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतात, २.६ मीटर अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल घटतात आणि ५० वॅटमुळे १७ वाढतात, म्हणजे एकाच स्पीकरचे ९६ डेसिबल सोफ्यापर्यंत पोहोचतात. दुप्पट शक्तीच्या रिसिव्हरने त्यात केवळ ३ डेसिबलची भर पडली असती.

आवाज: अपूर्ण प्रकरण

पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर असावेत. परंतु तसे केल्यास ते बाजूच्या भिंतींना जवळजवळ चिकटतात, म्हणून २७ अंशांवर समाधान मानले. पहिल्या परावर्तनाच्या, म्हणजे स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून सोफ्याकडे वळतो त्या जागा आरशाने शोधल्या. एकाने आरसा भिंतीवरून सरकवत न्यावा आणि सोफ्यावर बसलेल्याला त्यात स्पीकर दिसला की तेथे खूण करावी. डाव्या बाजूची खूण नेमकी खिडकीच्या जाड पडद्यावर पडली, त्यामुळे ती बाजू फुकटात सुधारली. उजव्या बाजूला कापड चढवलेला लोकरीचा फलक लावला आहे.

सर्वांत मोठा फरक मात्र एकही वस्तू न घेता पडला. सबवूफर पुढच्या डाव्या कोपऱ्यात होता आणि मायक्रोफोनने मोजले असता ४० हर्ट्झजवळ ११ डेसिबलचा उंचवटा दिसत होता. मग सबवूफर उचलून सोफ्यावर माझ्या जागी ठेवला, संथ खर्जाचा तुकडा लावला आणि मी स्वतः भिंतीकडेने रांगत निघालो. जेथे खर्ज सर्वांत समतोल ऐकू आला, तेथे सबवूफर नेऊन ठेवला. ती जागा डाव्या भिंतीलगत, पुढून सुमारे १.४ मीटरवर, खिडकीखाली निघाली. उंचवटा ५ डेसिबलवर आला. रांगताना घरच्यांनी काढलेला व्हिडिओ या नोंदीसोबत जोडणार नाही.

८० हर्ट्झच्या सांध्याजवळ, म्हणजे जेथे सबवूफरचे काम संपून इतर स्पीकरचे सुरू होते तेथे, आवाजात अजून एक खड्डा आहे. रिसिव्हरमध्ये सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा ३० सेंटिमीटर अधिक भरल्यावर तो निम्मा झाला. ६० भरल्यावर पुन्हा वाढला. मधले आकडे या आठवड्यात तपासायचे आहेत.

मागचा उजवा स्पीकर ११० अंशांवर हवा, आणि ती जागा नेमकी दार उघडते तेथे येते. बिजागरे दुसऱ्या बाजूला नेण्यासाठी सुतार येईपर्यंत तो स्पीकर एका स्टुलावर उभा आहे. चित्रपट सुरू करण्यापूर्वी दार लावायचे आणि स्टूल जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर सरकवायचे, असा सध्याचा रिवाज आहे. मध्येच कोणाला बाहेर जायचे असल्यास चित्रपट थांबवून प्रथम स्पीकरला वाट द्यायला लावावी लागते.