बेप्पू: गल्लीतलं न्हाणीघर आणि बाहेरचे पाहुणे

जपानच्या क्यूशू बेटावरच्या बेप्पूत गरम पाण्याचे दोन हजारांहून जास्त झरे आहेत. पर्यटक निळी-लाल उकळती कुंडं बघतात, फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात. मीही ती पाहिली, सुंदरच आहेत. पण गावातली माणसं तिकडे फारशी फिरकत नाहीत. त्यांचं गरम पाणी गल्लीत आहे.

वरच्या मजल्यावर मोहल्ल्याचं सभागृह आणि खाली न्हाणीघर, अशा साध्या इमारती गावभर दिसतात. मी गेले तिथे पैसे टाकायला एक पेटी होती. कपडे ठेवायला उघडे लाकडी कप्पे, दोन पायऱ्या खाली जमिनीत बांधलेला हौद. ना शॉवर, ना आरसा. हौदाच्या काठाशी उकिडवं बसायचं, घंगाळातल्यासारखं तांब्या-तांब्याने पाणी अंगावर घ्यायचं, स्वच्छ व्हायचं आणि मगच आत उतरायचं. पाणी चटका बसेल इतकं कढत.

तेवढ्यात एक परदेशी मुलगी आली आणि तिने सरळ गार पाण्याचा नळ पूर्ण सोडला. हौदातल्या दोन आज्या काहीच बोलल्या नाहीत. एकीने थोड्या वेळाने उठून नळ बंद केला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

इथल्या रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठात शिकणारी पुण्याची एक मुलगी माझ्याबरोबर होती. तिने बाहेर आल्यावर आजींना माझा प्रश्न विचारला: पाहुण्यांचा त्रास होतो का? आजींचं उत्तर तिने मला सांगितलं. "ताई, त्या म्हणतात, नळाला हात लावण्याआधी विचारायचं, एवढंच. आम्ही नाही म्हणणार नाही. पाणी आमच्या अंगवळणी आहे, तुमच्या नाही, हे आम्हालाही कळतं."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं, कारण ही जागा फुकट चालत नाही. शेजारीपाजारी महिन्याला वर्गणी भरतात, आळीपाळीने हौद घासतात. वर्गणीदार म्हातारे होत चालले आहेत, तरुण माणसं घरातच अंघोळ करतात. काही न्हाणीघरं बंद पडली. अशा वेळी पाहुण्याने पेटीत टाकलेली नाणी उपयोगी पडतात. कोरोनामुळे ऑक्टोबर २०२२ पर्यंत जपानची दारं एकट्यादुकट्या पर्यटकांना बंद होती, तेव्हा दुकानदारांचे काय हाल झाले हेही आजींनी सांगितलं. गिऱ्हाईक हवं आहे. पण २०१९ मध्ये डोंगरावर आलिशान हॉटेल उघडलं तसं सगळं गाव हॉटेलांचं व्हावं, असं त्यांना वाटत नाही.

बेप्पूला पर्यटनाचं वावडं कधीच नव्हतं. स्टेशनसमोर हात वर करून उभा असलेला पुतळा आबुराया कुमाहाची यांचा आहे. १९२८ मध्ये त्यांनी बायकांना गाइड म्हणून घेऊन बससहली सुरू केल्या. म्हणजे बाहेरून माणसं बोलवायची सवय इथे जुनी, आणि संध्याकाळचा हौद आपला हीही.

तुम्ही गेलात तर ताकेगावारापासून सुरुवात करा. १८७९ चं न्हाणीघर आहे, सगळ्यांना खुलं, तिथे लाजायचं कारण नाही. गल्लीतल्या ठिकाणी आधी दारावरची पाटी वाचा किंवा कुणाला तरी वाचायला सांगा. फक्त सभासदांसाठी असेल तर मागे फिरा, शेजारच्या गल्लीत दुसरं सापडेल.