कुत्र्याचे गोचिडाचे थेंब मांजराला लावू नका

पावसाळ्यात गोचिडं वाढली की बऱ्याच घरांत कुत्र्यासाठी आणलेल्या पिपेटमधले दोन-चार थेंब मांजराच्या मानेवरही सोडले जातात. मांजर लहान म्हणून थेंब कमी, एवढा साधा हिशेब. मांजराच्या बाबतीत तो जीवघेणा ठरू शकतो.

कुत्र्यांच्या काही स्पॉट-ऑन (कातडीवर सोडायच्या थेंबांच्या) औषधांत ४५ ते ६५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत ते फोडून बाहेर टाकतं. मांजरात त्यासाठी लागणारी ग्लुक्युरॉनिडेशनची (औषध निष्प्रभ करून बाहेर टाकण्याजोगं बनवायची) प्रक्रिया फार कमकुवत असते, त्यामुळे औषध शरीरात साचतं आणि मज्जातंतूंना सतत चेतवत राहतं. ४५ टक्क्यांचं १ मिली म्हणजे ४५० मिलिग्रॅम. ४ किलोच्या मांजराला किलोमागे ११२ मिलिग्रॅम पडले, आणि १०० च्या आसपासही मांजरं दगावलेली आहेत.

लक्षणं बहुधा काही तासांत दिसतात, कधी दुसरा दिवसही उजाडतो. आधी कानांची टोकं फडफडतात. पाठीची कातडी थरथरते. पाण्यात पाय पडल्यासारखा पुढचा पंजा मांजर पुन्हा पुन्हा झटकतं. मग लाळ, अंगभर कंप, झटके आणि ताप. कान फडफडताहेत तेव्हाच पशुवैद्याकडे निघा. झटक्यांची वाट पाहण्यात वेळ गेला की उपचार अवघड होतात.

झटके येत नसतील तर निघण्यापूर्वी भांडी घासायच्या लिक्विड साबणाने मान आणि पाठ धुवा. हे औषध तेलकट असतं, नुसत्या पाण्याने निघत नाही. पाणी कोमटच हवं: गरम पाण्याने कातडीखालचा रक्तपुरवठा वाढून औषध जास्त शोषलं जातं, आणि अंग गार पडलं की पर्मेथ्रिनचा मज्जातंतूंवरचा परिणाम वाढतो. लगेच टॉवेलने कोरडं करून उबेत ठेवा. दूध, तूप, तेल काही पाजू नका, उलटी करवू नका. झटके सुरू असतील तर अंघोळ नको, तोंडात बोट नको. मांजर बॉक्समध्ये ठेवून थेट पशुवैद्याकडे. औषधाचं खोकं सोबत न्या आणि किती वाजता लावलं ते सांगा. यावर नेमका उतारा नाही. कंपांसाठी मेथोकार्बामॉल, झटक्यांसाठी औषधं, सलाईन, काही वेळा शिरेतून लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचं द्रावण) देतात. दोन-तीन दिवस दवाखान्यात काढावे लागतात, पण वेळेत नेलेली बरीच मांजरं पूर्ण बरी होतात.

घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याला असं औषध लावल्यावर ७२ तास मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नका, त्याला चाटू देऊ नका.

दुसरा मोठा घोटाळा गोठ्यातल्या औषधाचा. जनावरांसाठीचं १२.५ टक्के अमिट्राझ हे गोचिडनाशक टोपणाने अंदाजे ओतून कुत्र्याला चोळलं जातं. त्याच्या २ मिलीत २५० मिलिग्रॅम औषध असतं. टोपणात किती मावतं हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून सिरिंज वापरा आणि लिटरमागे किती मिली ते पशुवैद्याकडून लिहून घ्या. द्रावण ताजं करा, उरलेलं ठेवू नका. जास्त झालं की कुत्रा गुंगतो, झोकांड्या खातो, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. म्हणून मधुमेही कुत्र्याला ते वर्ज्य, मांजरालाही. याला मात्र उतारा आहे: अटिपामेझोल किंवा योहिम्बिन, तेही डॉक्टरांच्याच हातून.

थेंबांतलं दुसरं गोचिडनाशक, फिप्रोनिल, मांजराला चालतं, पण मांजराचं पिपेट ०.५ मिलीचं असतं, तेच घ्या. चाटल्यावर थोडा वेळ फेसाळ लाळ येते. घाबरू नका, ती थांबते. सशाला मात्र फिप्रोनिल कधीच नको.

चघळायच्या गोळ्या (फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर) बहुतेक कुत्र्यांना सोसतात. तरी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये या गटाबद्दल कंप आणि झटक्यांचा इशारा दिला होता. थेंब धुता येतात. गोळी महिनाभर, फ्लुरालानर तर १२ आठवडे अंगात काम करत राहते. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर गोळी लिहून घेण्याआधी हे सांगाच.

एवढं वाचून औषधच बंद करू नका. गोचिडातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्तातले जंतू येतात, त्यानेही कुत्री मरतात.

औषध घेण्यापूर्वी वजन नीट करा: वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग प्राण्याला घेऊन, आणि फरक काढा. खोक्यावरचा वजनगट त्या आकड्याशी जुळला पाहिजे. मोठ्या कुत्र्याचं पिपेट दोन लहानग्यांत वाटू नका.