तुम्ही विचारलंत म्हणून: लहान मुलांना ऊर्जा, उष्णता आणि वीज शिकवताना सुरुवात कुठून करायची?

तिसरी ते पाचवीच्या मुलांना ऊर्जा शिकवायची तर आधी काय घ्यायचं, हे शिक्षकही विचारतात आणि पालकही. बहुतेकांनी मनात व्याख्या तयार ठेवलेली असते: कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. ती चूक नाही, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'कार्य' म्हणजे काय आणि 'क्षमता' म्हणजे काय, हे दोन्ही आधी कळायला हवं. मग ते मूल व्याख्या पाठ करतं, ऊर्जेच्या प्रकारांची यादी पाठ करतं आणि विषय तिथेच संपतो.

माझं उत्तर असं: आधी उष्णता, मग विजेचं साधं सर्किट, त्यानंतर या दोन्हींना जोडणारा एखादा प्रयोग, आणि प्रकारांची नावं सगळ्यात शेवटी. प्रत्येक प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज घ्या आणि तो वहीत लिहून घ्या. अंदाज लिहिलेला नसेल तर निकाल दिसल्यावर प्रत्येकाला वाटतं, आपल्याला हे माहीतच होतं.

उष्णता आधी घ्यायची कारण ती हाताला कळते. मात्र हात फसवतो, आणि धडा तिथूनच सुरू होतो. तीन पसरट भांडी घ्या. एकात साधारण १५ अंश सेल्सिअसचं गार पाणी, दुसऱ्यात ४० अंशांचं आणि मधल्या भांड्यात २७-२८ अंशांचं. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात असे मिनिटभर ठेवायला सांगा, मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात. एकच पाणी एका हाताला कोमट लागतं आणि दुसऱ्याला गार. आता थर्मामीटर का लागतो, हे सांगावं लागत नाही. गरम पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका. पाऱ्याचा थर्मामीटर वर्गात आणू नका. लाल अल्कोहोलचा किंवा डिजिटल वापरा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंशच दाखवतो. आकडा वाचताना डोळा द्रवाच्या पातळीसमोर हवा आणि थर्मामीटर पाण्यातच हवा. मुलं तो बाहेर काढून वाचतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

यानंतर धातू आणि लाकूड. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवलेले असतात, तरी धातू गार लागतो. मुलं ठामपणे सांगतात की धातूचं तापमान कमी आहे. मग अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर एक आणि लाकडी फळीवर एक, असे सारख्या आकाराचे बर्फाचे खडे ठेवा आणि विचारा, आधी कुठला वितळेल? बहुतेक जण लाकडावरचा सांगतात, कारण लाकूड 'गरम' आहे. प्रत्यक्षात धातूवरचा खडा डोळ्यांदेखत वितळू लागतो. धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतो: बोट ठेवलं तर बोटाकडून घेतो, बर्फ ठेवला तर बर्फाला देतो. पत्रा जाडच घ्या. पातळ पत्र्यात उष्णतेचा साठा कमी असतो, तो पटकन गार होतो आणि फरक पुसट दिसतो.

लोकरीचं कापड स्वतः ऊब तयार करतं, ही मुलांची दुसरी पक्की समजूत. दोन सारखे खडे दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाला, एक लोकरीत गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. गुंडाळलेला उशिरा वितळतो. पिशवी विसरू नका; लोकर ओली झाली की तिच्यात अडकलेली हवा निघून जाते आणि प्रयोग फसतो.

उष्णता आणि तापमान यांतला फरक शब्दांत समजावत बसू नका, मिसळून दाखवा. १०० मिली पाणी ४५ अंशांचं आणि १०० मिली २५ अंशांचं. एकत्र केल्यावर किती? बरीच मुलं बेरीज करून ७० म्हणतात. थर्मामीटर ३४-३५ दाखवतो. हिशेबाने ३५ यायला हवं. जे थोडं कमी येतं ते पेल्यात आणि हवेत गेलेलं असतं, आणि हे मुलांना जरूर सांगा. आता गरम पाणी २०० मिली घ्या, गार १०० मिलीच ठेवा. उत्तर ३८ च्या आसपास येतं. तापमानं तीच होती, बदललं ते फक्त पाणी किती घेतलं ते. नुसत्या तापमानावरून उष्णता किती ते ठरत नाही, हे इथे मुलांच्या हातात येतं. माझ्या मते प्राथमिक वर्गात उष्णतेवर एकच प्रयोग करायला वेळ असेल, तर तो हा असावा.

आता वीज. पहिल्या तासाला प्रत्येक जोडीला तीनच वस्तू द्या: दीड व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब (२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा चालतो) आणि दोन्ही टोकांना दोन सेंटिमीटर सोललेली एक वायर. होल्डर देऊ नका. होल्डर दिला की बल्बला दोन जागी जोडावं लागतं, ही मुख्य गोष्टच झाकली जाते. बहुतेक मुलं आधी सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत वायर नेतात आणि थांबतात. त्यांच्या मते वीज सेलमधून निघून बल्बपर्यंत पोचली की काम झालं. त्यांना चाचपडू द्या, पंधरा-वीस मिनिटं गेली तरी हरकत नाही. बल्ब पेटवायच्या जुळण्या एकूण चार आहेत: बल्बचं बूड किंवा बाजूची धातूची कड, यांपैकी एक भाग सेलच्या एका टोकाला टेकवायचा आणि उरलेला भाग वायरने दुसऱ्या टोकाला जोडायचा. मग भिंगातून बल्ब पाहायला द्या. आत दोन उभ्या काड्या असतात, त्यांच्यामध्ये बारीक तार. एक काडी खाली बुडाशी जोडलेली, दुसरी बाजूच्या कडेला, आणि बूड व कड यांच्यामध्ये वीज न वाहू देणारं काळं द्रव्य. हे पाहिलेलं मूल सर्किट पूर्ण का लागतं हे स्वतः सांगतं.

एलईडीने सुरुवात करू नका. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट लागतात, म्हणजे एका सेलवर तो पेटत नाही. उलटा जोडला तरी पेटत नाही, आणि मुलाला वाटतं आपलंच सर्किट चुकलं. तारेचे बल्ब मिळतच नसतील तर दोन सेल, लाल एलईडी आणि १०० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा छोटा भाग) एकत्र जोडून द्या आणि लांब पायावर खूण करा. बटण सेल मात्र वर्गात आणूच नका. गिळला गेला तर तो अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो.

बल्ब न पेटण्याची कारणं ठरलेली असतात: बल्ब सहा व्होल्टचा, सेल उतरलेला, बल्बची तार तुटलेली, किंवा वायरवरचा लाखेचा पातळ थर खरवडलेला नाही. तांब्याची चकचकीत वायर उघडी दिसते, पण तिच्यावर बऱ्याचदा हा थर असतो. बारीक सँडपेपरने घासा. आदल्या दिवशी प्रत्येक सेल आणि बल्ब तपासून ठेवा. वायर थेट सेलच्या दोन टोकांना लागली तर ती तापते, बल्ब विझतो. "वायर कोमट लागली की सोडा" हा नियम आधीच सांगा. साधे झिंक-कार्बनचे सेल घ्या; चार्ज होणारे नकोत, कारण अशा वेळी त्यांच्यातून खूप जास्त प्रवाह वाहतो. आणि घरातल्या सॉकेटला हात लावायचा नाही, हे प्रत्येक तासाला सांगा.

पुढची समजूत अशी की बल्ब वीज 'खाऊन टाकतो'. दोन सेल आणि एकापुढे एक दोन बल्ब लावा. दुसरा मंद पेटेल, असा अंदाज येतो. दोन्ही सारखेच पेटतात. एखादा खरंच मंद दिसला तर दोघांची जागा बदला. मंद बल्ब नव्या जागीही मंदच राहील, म्हणजे फरक बल्बांतला आहे, जागेचा नाही. इथे सायकलच्या चेनची उपमा उपयोगी पडते: पेडल मारलं की सगळी चेन एकदम हलते, मागचं चाक फिरतं आणि चेन कुठेही संपत नाही. सेल झिजतो, वायरमध्ये फिरणारं काही संपत नाही.

सुवाहक-दुर्वाहक ओळखण्याच्या तासात एक गोष्ट फार जपा. पाण्यात दोन वायरी बुडवल्या तर टॉर्चचा बल्ब पेटत नाही, मिठाच्या पाण्यातही सहसा नाही, आणि मूल वहीत लिहितं: पाणी दुर्वाहक. हा निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. बल्बला ०.३ अँपिअर लागतात आणि पाणी तेवढा प्रवाह जाऊ देत नाही, एवढंच त्यातून कळतं. माणसाला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी प्रवाहही घातक ठरतो. तीन सेल, एलईडी, १५० ओहमचा रेझिस्टर आणि मिठाचं पाणी घेतलं की एलईडी पेटतो. ते दाखवल्याशिवाय तास संपवू नका. रंग दिलेली क्लिप आणि तिचं खरवडलेलं टोकही तपासायला द्या.

आता जोडणारा प्रयोग. गिअर असलेली छोटी डीसी (सेलवर चालणारी) मोटर घ्या, तिला हँडल लावा आणि तारा टॉर्चच्या बल्बला जोडा. नुसती खेळण्यातली मोटर बोटांनी फिरवून भागत नाही. वेग पुरत नाही, बल्ब पेटत नाही. मुलाला आधी बल्ब न जोडता हँडल फिरवू द्या, मग फिरवत असतानाच जोडीदाराला बल्ब जोडायला सांगा. हँडल एकदम जड होतं. उजेडासाठी आपल्याला जोर लावावा लागतोय, हे हाताला कळतं. "सेल लावला असता तर हा जोर कोणी लावला असता?" असं विचारा आणि उत्तराची घाई करू नका. मग फळ्यावर बाण काढा: स्नायू, फिरणारं हँडल, वीज, उजेड आणि उष्णता. प्रकारांची नावं या बाणांखाली लिहा. मुलं शेवटी विचारतात, ही उष्णता कुठे गेली? बल्बला आणि हवेला, इतकी पसरून की पुन्हा गोळा करता येत नाही.

हात चोळून गरम होतात, पण पाणी ढवळून गरम का होत नाही, असा प्रश्न एखादी चौकस मुलगी विचारेल. होतं, फक्त फार थोडं. १०० मिली पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. तेवढ्यात एक किलोचं वजन जवळजवळ ४३ मीटर उंच उचलता येतं. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात पाण्यात पंखे फिरवून हेच मोजलं. वर्गात त्याऐवजी जाड झाकणाच्या बाटलीत कोरडी वाळू भरून दोन-तीनशे वेळा जोरात हलवा. पाण्यापेक्षा वाळू लवकर तापते. बाटली कापडात गुंडाळा, नाहीतर हाताची ऊब मोजली जाईल, आणि थर्मामीटर अंशाचा दशांश दाखवणारा घ्या. वाढ एखाद-दोन अंशांचीच असते.