नमुना ११

मंगळवार, रात्री उशिरा

तोंडाच्या कॅन्सरच्या गाठींच्या अभ्यासातला नमुना ११ आज काढून टाकला. एक ओळ कोड, एंटर, झालं. चार हजारांवर पेशी होत्या, गाळून उरल्या १२७. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, आरएनए एकूण आरएनएच्या २० टक्क्यांच्या वर म्हणजे पेशीचं आवरण फाटलंय, बाकीचा आरएनए सांडून गेलाय आणि हा तेवढा मागे राहिलाय. मेलेली पेशी. असा एखादा नमुना प्रत्येकाचाच वाया जातो. ज्युनियरना मी हे हसत हसत शिकवते.

आज हात अडला तो तक्त्यातल्या एका रकान्यापाशी. स्त्री, ६१, गालाची आतली बाजू. सवय: मशेरी.

गुटखा नाही, विडी नाही. मशेरी. तव्यावर तंबाखू भाजली की घरभर ठसका लागायचा, आणि आजीचं ते काळं पडलेलं बोट. डबी अजून आईकडे आहे. असो.

कॅन्सरकडे कशी वळलीस, असं विचारलं की मी २०१७ चा तो पेपर सांगते. डोके-मानेच्या कॅन्सरचे १८ रुग्ण, सुमारे ६००० पेशी, गाठ अख्खी वाटून सरासरी काढण्याऐवजी एकेक पेशी सुटी वाचलेली. तेही खरंच आहे. आजीचं मात्र कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.

पण २० टक्के ठरवले कुणी? मीच. कुणी १० धरतं, कुणी २५. कॅन्सरच्या काही पेशींत हे प्रमाण जिवंतपणीच जास्त असतं. म्हणजे मेलेल्या म्हणून काढल्या त्यातल्या काही धडधाकट असतील? त्या बाईंनी सही केली, तुकडा दिला, आणि मी एसीत बसून... चार वर्षांत मी एकही पेशंट पाहिलेला नाही. मला दिसतात सोळा अक्षरी बारकोड, एकेका पेशीची ओळखखूण. कॅन्सरवर काम करते म्हणे!

जेवून परत लॅपटॉप उघडला. सीमा ४० वर नेली. यूमॅपच्या, म्हणजे सारख्या पेशी जवळ मांडणाऱ्या नकाशाच्या, कोपऱ्यात नवा पुंजका उगवला. काळजात धस्स झालं, खोटं कशाला बोलू. जनुकांची यादी काढली, तर वरची दहाच्या दहा नावं 'एमटी'नं सुरू होणारी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचीच. मेलेल्याच होत्या. पीएचडीच्या चौथ्या वर्षी लागलेला शोध: मेलेली पेशी मेलेली असते. सरांना सांगायची सोय नाही.

सीमा परत २० वर आणली. तक्त्यात शेरा लिहिला: गाळला, १२७.

आता सवयींचा रकाना एकसारखा करायचाय. मशेरी, मावा, खैनी, सगळं 'धूरविरहित तंबाखू'. ते उद्या बघू.