पाच टॅप आणि पंचाहत्तर टक्के

त्या दिवशी सकाळी मानक-समितीच्या बैठकीत मसुद्यावरची जी हरकत पडद्यावर आली ती जेमतेम दोन ओळींची होती: संदर्भ इक्वलायझरच्या टॅपांमधलं अंतर अर्ध्या चिन्हाऐवजी एक पूर्ण चिन्ह करा. (इक्वलायझर म्हणजे वाटेत पसरलेला सिग्नल सावरणारी गाळणी; टॅप म्हणजे ती ज्या वेगवेगळ्या क्षणांचे नमुने आपापल्या गुणकाने गुणून एकत्र करते ते बिंदू; चिन्ह म्हणजे एका वेळी पाठवलेली प्रकाशाची एक पातळी.) सोबत मसुद्यातलं पान, ओळ आणि बदलायचे नेमके शब्द. तेव्हा २०० आणि ४०० गिगाबिट इथरनेटचं ८०२.३बीएस हे मानक (डिसेंबर २०१७ मध्ये ते मंजूर झालं) मतदानाच्या टप्प्यात होतं. या टप्प्यावर अशा दोन ओळी अख्खा दिवस खातात, आणि खायलाच हव्यात.

वाद कशाचा ते आधी सांगतो. पॅम-४ या सिग्नल पाठवण्याच्या पद्धतीत प्रकाशाच्या चार पातळ्या असतात, म्हणजे स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) एकावर एक तीन 'डोळे', पातळ्यांमधल्या मोकळ्या जागा. दोनच पातळ्या असताना डोळा जेवढा उंच असतो त्याचा तिसरा हिस्साच प्रत्येकाच्या वाट्याला येतो. असा डोळा स्कोपवर नुसता पाहून ट्रान्समीटर पास की नापास हे ठरत नाही, कारण खरा रिसीव्हर आधी इक्वलायझर लावून तो उघडतो. म्हणून टीडीईसीक्यू हे माप आलं. ६५,५३५ चिन्हांचा ठरावीक पॅटर्न पाठवायचा, स्कोपमध्येच एक कल्पित इक्वलायझर लावायचा, चिन्हाच्या कालावधीत ०.४५ आणि ०.५५ वर दोन उभे हिस्टोग्राम (कोणती पातळी किती वेळा दिसते त्याचे आलेख) घ्यायचे, आणि १०,००० चिन्हांमागे सुमारे पाच चुका होईपर्यंत गणितात गोंगाट वाढवत न्यायचा. आदर्श ट्रान्समीटरच्या तुलनेत हा किती डेसिबल आधी हरतो, तो आकडा म्हणजे टीडीईसीक्यू. एवढ्या चुका पुढे एफईसी, म्हणजे चुका दुरुस्त करणारं सांकेतीकरण, निस्तरतं: त्याच्या ५४४ चिन्हांच्या शब्दात (ही एफईसीची चिन्हं वेगळी, प्रकाशाची नव्हेत) १५ चुकीची चिन्हं दुरुस्त होतात.

सगळी मेख त्या कल्पित इक्वलायझरमध्ये आहे. पाच टॅप अर्ध्या-अर्ध्या चिन्हाच्या अंतरावर ठेवले तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पल्ला दोनच चिन्हांचा. तेच एकेका चिन्हावर ठेवले तर पल्ला चारचा. मुख्य चिन्हापासून दोन चिन्हं लांब पडणारं परावर्तन पहिल्याच्या हातीच लागत नाही, दुसरा ते साफ करतो. ट्रान्समीटरवाले बदलाच्या बाजूने होते. प्रत्यक्ष रिसीव्हरच्या डीएसपीमध्येही (सिग्नलवर गणित करणाऱ्या चिपमध्ये) टॅप एकेका चिन्हावरच असतात, असं सांगत काही चिपवालेही त्यांच्याबरोबर होते.

विरोध दोन वेगळ्या कारणांनी होता, आणि ती वेगळी आहेत हे कळायला जेवणाची वेळ झाली. एक गट म्हणत होता की एका चिन्हावरचे टॅप नमुना नेमक्या कोणत्या क्षणी घेतला यावर फार अवलंबून असतात, त्यामुळे एकच ट्रान्समीटर दोन प्रयोगशाळांत वेगळा आकडा देईल. दुसऱ्याची भीती निराळी. मापनातला इक्वलायझर फार ताकदवान केला की वाईट ट्रान्समीटरही पास होतील, आणि ओझं येईल कमी वीज खाणाऱ्या साध्या रिसीव्हरवर. सकाळभर दोन्ही गटांना एकच 'विरोधी बाजू' समजून उत्तरं दिली जात होती. पहिल्यांच्या शंकेला दुसऱ्यांचं उत्तर मिळत होतं, म्हणून कुणाचंच समाधान होईना.

तांत्रिक ठरावाला पंचाहत्तर टक्के लागतात. प्रत्येकजण आपण कुठल्या कंपनीशी संलग्न आहोत ते जाहीर करतो, पण मत कंपनीचं नसतं, त्याचं स्वतःचं असतं. साध्या बहुमतावर ठराव रेटता येत नाही, आणि ठराव पडला तर मसुद्यात आहे तेच राहतं. त्यामुळे थेट ठराव मांडण्याआधी कौल घ्यायचा, आणि तोही 'एकच निवडा' असा नव्हे. चालतील तेवढ्या पर्यायांना हात वर करा, असा. माझ्या मते या कामातलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. 'एकच निवडा' म्हटलं की तीन पर्यायांत खोलीचे तीन तुकडे होतात. 'चालेल ते सगळे' म्हटलं की कोणत्या पर्यायाला कमीत कमी लोक अडवतील ते दिसतं. त्या दिवशी 'अंतर एक चिन्ह, टॅप मात्र पाचच' याला सर्वाधिक हात वर झाले. सात-नऊ टॅपांचा पर्याय तिथेच गळाला.

दुपारी अध्यक्षांनी प्रश्न फिरवला. तुम्हाला काय हवं हे विचारणं थांबवून, कोणता आकडा लिहिला तर तुम्ही विरोधी मत द्याल, असं विचारलं. मग शंका सुट्या झाल्या. वेळेच्या शंकेवर मापनातच उत्तर होतं. दोन हिस्टोग्राममध्ये चिन्हाच्या दशांशाएवढं अंतर आहे ते याचसाठी, क्षण थोडा चुकला तरी आकडा पास होण्याइतका चांगला राहिला पाहिजे. शिवाय इक्वलायझर गोंगाट जितका फुगवतो तितका गुणक गणितात धरलेला असतो, म्हणजे टॅप जोरात वापरण्याची किंमत आकड्यात मोजावी लागते.

दुसऱ्या भीतीचं उत्तर मर्यादेच्या तक्त्यात होतं. ५०० मीटरच्या ४००जीबेस-डीआर४ या प्रकारात टीडीईसीक्यूची कमाल मर्यादा ३.४ डेसिबल आहे, पण तेवढीच अट नाही. सिग्नलची ताकद, म्हणजे ओएमए, वजा टीडीईसीक्यू ही -२.२ डीबीएमच्या खाली जाता कामा नये (विलोपन गुणोत्तर, म्हणजे सर्वांत वरच्या आणि खालच्या पातळीतल्या प्रकाशाचं गुणोत्तर, किमान ५ डेसिबल असेल तेव्हा; डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). डोळा वाईट असेल तर प्रकाश जास्त घाला. ३.४ वर पोचलेल्या ट्रान्समीटरला १.२ डीबीएम द्यावेच लागतात. त्यातून फायबर आणि कनेक्टरचे ३ डेसिबल आणि परावर्तनाचा ०.१ वजा केला की रिसीव्हरपाशी -१.९ उरतात, आणि रिसीव्हरची चाचणी नेमकी तिथेच होते. ही बेरीज-वजाबाकी एकाने पडद्यावर सगळ्यांसमोर ओळ-ओळ केली, आणि ओझं ज्याचं त्याच्याकडेच राहतं हे रिसीव्हरवाल्यांना दिसलं.

मग उरलं शब्दांकन, आणि ते अजिबात किरकोळ नसतं. उत्तर 'तत्त्वतः मान्य' असं लिहिलं, कारण हरकतीत सुचवलेले शब्द जसेच्या तसे घेतले नव्हते. टॅपांच्या गुणकांची बेरीज एक असली पाहिजे हे वाक्य कुठे जाईल, 'पाच टॅप' आकृतीत आणि मजकुरात सारखेच आहेत का, जुन्या अंतराचा उल्लेख आणखी कुठल्या कलमात राहिला आहे, हे संपादकाने तिथेच शोधलं. असा एक उल्लेख जरी राहिला तरी पुढच्या फेरीत त्यावर नवी हरकत येते आणि मिटलेला वाद पुन्हा उघडतो.

साध्या रिसीव्हरवाल्यांची चिंता तिथेच विरली नाही, आणि ते बरंच झालं. मुख्य टॅपचा गुणक किमान ०.८ असावा अशी अट पुढे आली ती याच काळजीपोटी: इक्वलायझरने डोळा सावरावा, नव्याने घडवू नये. नंतर मल्टिमोड फायबरवर एका लेनमागे १०० गिगाबिटचं ८०२.३डीबी आलं (मंजुरी २०२२) तेव्हा व्हीसीएसईएल या लेझरचा मंदपणा पाच टॅपांत सावरेना आणि टॅप नऊ झाले. तिथेही पहिला प्रश्न हाच होता की वाढलेल्या टॅपांची वीज कोणाच्या मॉड्यूलमध्ये जळणार.